अर्ध्या क्रेडिटची पदवीधर

गणितात नापास झालेल्यांची मला फार असूया वाटायची. गणितात नापास झालं की लोक हळहळतात, "मलाही कधी जमलं नाही बाई" म्हणतात, पाठीवरून हात फिरवतात. मी नापास झाले ती पोहण्यात. शाळेच्या व्यायामाच्या तासाला, अर्ध्या क्रेडिटसाठी, चार फूट पाण्यात. हे सांगणार कुणाला?

आता यात माझी चूक किती, ते ऐकून तुम्हीच ठरवा. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून मला वाढवलं ते माझ्या व्हर्नेल मावशीने. ती टोलेडोत सिटी बस चालवते. आठवडाभर स्टिअरिंग ओढून आलेली बाई शनिवारी पाय वर करून बसायचं सोडून माझे केस सरळ करायला घ्यायची. मी स्वयंपाकघरात स्टुलावर, गॅसवर लोखंडी फणी तापत ठेवलेली, आणि मावशी माझा कान मुडपून धरून "हलू नकोस, भाजेल" म्हणत दोन-दोन तास एकेक बट ओढायची. आमचे केस मुळात घट्ट कुरळे, सरळ केले तरी पाणी लागलं की पुन्हा गुंडाळून बसतात. म्हणून काम झालं की तीच फणी माझ्यावर रोखायची. "नाया, आठवडाभरात या केसांना पाणी लागलेलं दिसलं ना मला, तर बघ!" आणि मंगळवारी पोहण्याचा तास. मी मास्तरांना घाबरायचं की फणीला? मी अख्खं सत्र मुलींच्या बाथरूममध्ये बसून काढलं. दर मंगळवारी माझ्या पोटात दुखायचं. मास्तर बिचारे साधे. सहाव्या मंगळवारी म्हणाले, "पोरी, एकदा डॉक्टरला दाखवून घे."

आमचं हायस्कूल बारावीपर्यंत, आणि ते संपलं की पदवीधर म्हणतात. एखाद-दुसरं क्रेडिट अडलेल्या पोरांनाही शाळा पदवीच्या समारंभात स्टेजवर चालत जाऊ द्यायची. झगा, टोपी, गोंडा, सगळं साग्रसंगीत. स्टेजवर हातात फोल्डर मिळतं ते सगळ्यांचंच रिकामं असतं, खरा कागद नंतर ऑफिसातून न्यायचा. म्हणजे अडीचशे रिकाम्या फोल्डरांत माझं एक. कुणाला पत्ता लागणार! मुख्याध्यापिकाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "जनाया, उन्हाळ्यात सहा आठवडे ये, तेवढं पोहून टाक, कागद तुझा." मी "हो, मॅम" म्हटलं आणि स्टेजवर गेले. मावशीने भोंगा आणला होता. तो तिने इतका वाजवला की दरवानाने येऊन हात जोडले. घरी तळलेले पर्च मासे, मॅकरोनी-चीज, आणि वर साखरेत माझा फोटो छापलेला केक. मावशीने आग्रह करकरून मला माझ्याच हनुवटीचा तुकडा भरवला. तो गिळताना तरी खरं बोलायचं! पण नाही. मी दुसरा तुकडा मागितला.

उन्हाळ्याच्या वर्गाला मी एक दिवस गेले. तोच तलाव, तेच पाणी. परत आले. मग मावशीने कागदाचं विचारलं की माझी तोंडपाठ उत्तरं सुरू. छापायला गेलाय. नाव चुकलं. परत छापायला गेलाय. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं, आणि मला वाटलं, चला, मिटलं.

मिटतंय कसलं! आमच्या माउंट नीबो चर्चमध्ये दर जूनला पदवीधरांचा रविवार असतो. त्या वर्षी हायस्कूल-कॉलेज संपवलेल्या पोरांना झगे घालून पुढे बोलावतात, नावं वाचतात, प्रशस्तिपत्रं देतात. ही नावं माइकवरून वाचणारी कोण? माझी मावशी. आणि वाचून झालं की दरवर्षी तिचं एक वाक्य ठरलेलं: "आमच्या नायाकडे बघा. आई नव्हती, तरी पोरीने शाळा सोडली नाही." मग सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायचं. मी कोपऱ्यात सरबताच्या पातेल्याजवळ पळी घेऊन उभी. सहा वर्षं मी त्या पळीच्या आधाराने हसत उभी राहिले.

इतकी वर्षं मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते. अर्जात 'हायस्कूल पूर्ण?' या प्रश्नापुढे मी नेहमीप्रमाणे 'होय'वर खूण केली होती. यंदा एप्रिलमध्ये तिथल्या मुकादमबाई म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे. म्हाताऱ्यांशी बोलतेसही छान. परिचारिकेच्या मदतनिसाचं शिक्षण देतो तुला, फक्त हायस्कूलचा कागद आण." मी म्हटलं, "जळाला." त्या म्हणाल्या, "मग शाळेतून दुसरा आण, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांचं! मी घरी आले आणि आरशासमोर उभी राहून स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. मावशी बाहेरून ओरडली, "कुणाशी भांडतेयस?" मी म्हटलं, "कुणाशी नाही, मॅम." आमच्यात घरच्या मोठ्यांनाही 'मॅम' म्हणूनच उत्तर द्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी २११ला फोन लावला. अडल्यानडल्यांना कुठे काय फुकट मिळतं ते सांगणारी ही मदतवाहिनी. मी आवाज जाड करून म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय. तिला हायस्कूलची परीक्षा द्यायचीय, आणि पुढे काही काम शिकता आलं तर बरं."

"छान. मैत्रिणीचं वय?"

"चोवीस. ऑगस्टमध्ये पंचवीस."

"कुठल्या भागात राहते?"

मी माझाच पत्ता ठोकून दिला.

"शाळा का सुटली तिची? मूलबाळ, आजारपण असं काही?"

"पोहण्यामुळे."

मग ती बाई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मैत्रिणीला सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही."

"सांगते. पण ती ऐकेल असं वाटत नाही. जरा मूर्खच आहे ती."

"अशा पुष्कळ मैत्रिणींचे फोन येतात हो आम्हाला," ती म्हणाली. मी कानापर्यंत तापले.

तिने तीन पत्ते दिले, तिन्ही फुकट. पहिला वर्ग मंगळवारी-गुरुवारी, माउंट नीबो चर्चच्या तळघरात. किल्ल्या मावशीकडे! दुसरा गावातल्या मोठ्या वाचनालयात. त्याच्या दारासमोर मावशीची बस दर चाळीस मिनिटांनी थांबते. तिसरा नदीपलीकडे पूर्वेला, बांधकाम शिकवणाऱ्या संस्थेत. सकाळी परीक्षेचा अभ्यास, दुपारी वायरिंग, आणि गरिबांसाठी बांधायच्या घरांवर प्रत्यक्ष काम. मावशीची बस नदी ओलांडत नाही. झालं, ठरलं! उद्या कुणी मला विचारलं की विजेच्या कामाची ओढ कशी लागली, तर मी काय सांगणार? ओढ कसली डोंबलाची, मी मावशीच्या बसपासून पळत होते.

तिथले मिस्टर साबो म्हणजे पांढऱ्या मिशांचे, कानावर पेन्सिल खोचलेले गृहस्थ. स्वतः चाळीस वर्षं वायरमन. त्यांनी मला तारेचे तीन तुकडे, एक खटका आणि एक दिवा देऊन बसवलं. म्हणाले, "जोड बघू." मला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण खटक्याचा डबा उघडला, कुठली तार कुठून येते ते बोटाने बघत गेले, आणि दिवा लागला. साबोंनी मिशी ओढली. "पूर्वी केलंयस?" "नाही, सर." "खोटं बोलत नाहीस ना?" मी म्हटलं, "यात नाही." खरं सांगू? शाळा सोडल्यापासून एखादी गोष्ट मला पहिल्या फटक्यात जमली ती तेवढीच. मी घरी येताना बसच्या काचेत स्वतःकडे बघून हसत होते. मला ते शिकायचं होतं. मावशीची बस, मुकादमबाई, सगळं विसरून मला फक्त ते शिकायचं होतं.

पण नियम कडक. वय सोळा ते चोवीस. पुढची तुकडी सप्टेंबरात, तोवर मी पंचवीस. म्हणजे हीच तुकडी, नाहीतर कुठलीच नाही. अर्ज जूनच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी आठपर्यंत, म्हणजे पदवीधरांच्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी. सोबत दोन गोष्टी. एक, शाळेचं पत्र की ही पोरगी पदवीधर नाही. जगात लोक पदवीचा दाखला मागायला जातात, मी नसल्याचा मागायला गेले. ऑफिसातल्या कारकूनबाईंनी पडद्यावर बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्यावर. "फक्त पोहणं?" "हो, मॅम." "बाकी सगळ्यांत 'बी' ग्रेड?" "हो, मॅम." त्यांनी शेजारच्या बाईला बोलावून दाखवलं. दोघींनी खूप वेळ ते बघितलं. शाळेतच भरून काढायची वयाची मुदत बाविशीलाच संपलेली, त्यामुळे आता हायस्कूलच्या बरोबरीची चार विषयांची परीक्षा. सहा आठवडे पोहले असते तर हे काही करावं लागलं नसतं, असं दोघींपैकी एक म्हणाली. जशी काही मला कल्पनाच नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे राहत्या घराचा पुरावा. विजेचं बिल, घराचा करार, सगळं मावशीच्या नावावर. म्हणून अर्जावरच एक जागा होती, ज्याच्या घरी राहता त्याची सही. आणि अर्जाच्या माथ्यावर, माझ्या नावाखाली, ठळक अक्षरांत: हायस्कूल पूर्ण न केलेल्या तरुणांसाठी.

आता मावशी म्हणजे शाम्पूच्या बाटलीवरचंसुद्धा वाचून मग बाटली उघडणारी बाई. तिच्याकडून न वाचता सही घ्यायची कशी? सरळ समोर जाऊन सांगायचं, हा एक मार्ग होता म्हणा. तो मी सगळ्यात आधी रद्द केला. मग मला माझी हुशारी सुचली. पदवीधरांच्या रविवारच्या आदल्या दुपारी मावशी जेवणाच्या टेबलावर प्रशस्तिपत्रांवर सह्या करते. नावं तिने आठवडाभर आधी तपासलेली असतात, त्यामुळे त्या वेळी एकामागून एक नुसती झरझर सही. मी गठ्ठा लावून देते म्हणाले आणि अकरा प्रशस्तिपत्रांत आठव्या जागी माझा अर्ज घातला, वर नुसती सहीची ओळ दिसेल असा. मग समोर बसून शेंगा सोलू लागले. एक सही. दोन. पाच. सहा. माझ्या हातून शेंगा नीट सोलल्या जाईनात.

तेवढ्यात गायनवृंदाच्या बाईंचा फोन आला. सराव एक तास आधी! मावशी उठली, गठ्ठा सारखा केला, रबर लावलं, पिशवीत टाकला. "मावशी, उरलेल्या करून जा ना." "उद्या वाचता वाचता करीन तिथेच." "मी धरते पिशवी." "नाया, आज इतकी कामसू कशी झालीस गं?" आणि पिशवी घेऊन गेली. परत आली तेव्हा पिशवी गाडीत कुलपात, आणि किल्ली तिच्या झग्याच्या खिशात. रविवारी सकाळी मी म्हटलं, "पिशवी मी घेते, जड असेल." "कागद आहेत गं त्यात, विटा नाहीत." चर्चमध्ये ती मंचाजवळ पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी तिसऱ्या रांगेत. तेव्हा मला खरंच पोटात दुखायला लागलं, आणि मास्तरांची आठवण झाली.

मावशी जांभळी टोपी सावरत माइकपाशी गेली. पहिलं नाव, टाळ्या. दुसरं, टाळ्या. सातवं. मग तिने आठवा कागद उचलला आणि सवयीने वरचं नाव खणखणीत वाचलं, "जनाया रेने टॉलिव्हर!"

सगळं चर्च वळलं. कुणीतरी ओरडलं, "म्हणजे कॉलेजही संपवलं पोरीने!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पियानोवाल्याने आपणहून सूर धरला. मागच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या. मावशी कागदाकडे बघत होती. वाचत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. टाळ्या थांबल्या तरी ती वाचतच होती.

मग तिने मान वर केली. "नायाने," ती म्हणाली, "यंदाही सगळी तयारी केली म्हणून मुद्दाम तिचं नाव लिहून आणलं होतं मी. बसा. आता पुढचं नाव."

दोन मिनिटं बस उशिरा निघाली तर स्वतःहून डेपोत जाऊन सांगणारी बाई ती. ती माझ्यासाठी मंचावर, माइकवरून खोटं बोलली, आणि तिचा आवाज कापला. सहा वर्षं मी खोटं बोलले, माझा कधी कापला नाही. मला ते बघवेना. मी उभी राहिले.

"मी पदवीधर नाही," मी म्हटलं. मी समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली.

"सावकाश, बाळा, सावकाश!" पहिल्या रांगेतून मदर गेन्सचा आवाज आला. त्या एक्क्याण्णव वर्षांच्या, चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. "देवा, सांभाळ तिला!" आणखी कुणीतरी म्हणालं.

"मी कधीच नव्हते. माझं अर्धं क्रेडिट राहिलं."

चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन पर्व्हिसना ऐकू कमी येतं. त्यांनी कानाला हात लावला. "कशात राहिलं म्हणाली?"

"पोहण्यात."

"आं?"

"पोहण्यात!" मी ओरडले. भिंतींनीही ऐकलं असेल.

मदर गेन्सनी वळून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "केसांमुळे?"

"हो, मॅम."

"अगं बाई गं!" त्या म्हणाल्या, आणि चर्चमधल्या यच्चयावत टोप्या एकदम डोलल्या. "मग पोर काय करणार!" "तरी काय, आणि तेही शनिवारचे ताजे केस!" हसू पहिल्या रांगेतून सुरू झालं ते पार मागच्या भिंतीपर्यंत गेलं. पाद्रीबाबांनी तोंडावर रुमाल धरला. मीही हसले, रडत रडत. हसली नाही ती एकटी मावशी. तिने माझा कागद चार घड्या करून पिशवीत टाकला, उरलेली चार नावं वाचली, आणि तिचं दरवर्षीचं वाक्य न म्हणता खाली बसली.

घरी आल्यावर ती टोपीसकट स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली. मी उभी.

"सगळे हसले," ती म्हणाली. "मला नाही हसू आलं."

"हो, मॅम."

"सहा वर्षं तू मला खोटं बोलायला लावलंस, मला न सांगता. आणि आज मी बोलले ते माझं मी. तेही चर्चमध्ये." तिने टेबलावर हात आपटला. "इतकी भीती वाटते माझी?"

"फणीची," मी म्हटलं. विनोद करायची माझी ही वेळ! मग मी म्हटलं, "तू तो भोंगा वाजवत होतीस ना मावशी, मला तुझं तोंड दिसत होतं स्टेजवरून. नंतर मला सांगताच आलं नाही."

तिने माझ्या केसांकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "केस काय गं. शनिवारी पुन्हा केले असते मी."

सहा वर्षांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. मावशीने मला रडू दिलं. पाणी दिलं नाही, जवळ घेतलं नाही. माझं झाल्यावर तिने चष्मा लावला, पिशवीतून कागद काढला, घड्या हाताने सपाट केल्या आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाव. जन्मतारीख. पत्ता. मिस्टर साबोंचा शेरा, 'हाताला चांगली समज आहे', तो तिने दोनदा वाचला. मग तिचं बोट थांबलं.

"शेवटची पूर्ण केलेली इयत्ता. हे रिकामं का?"

साबोंनी मला तीन वेळा सांगितलं होतं, तेवढा रकाना भर म्हणून. जिथे सगळेच शाळा सुटलेले, जिथे त्या एका अटीवर घेतात, तिथेही मी तो तसाच सोडला होता. मी म्हटलं, "पेन चालत नव्हतं."

"नाया."

तिने आपलं पेन माझ्यापुढे सरकवलं. मी त्या रकान्यात 'अकरावी' लिहिलं. किती साधा शब्द, पण माझ्या हाताने कागदावर मी तो पहिल्यांदाच लिहीत होते, आणि ती शेजारी बसून प्रत्येक अक्षर बघत होती.

"वरील सर्व माहिती खरी आहे, अशी मी हमी देते," तिने खालची ओळ वाचली. माझ्याकडे बघितलं. मग पेन माझ्या हातातून घेतलं, सावकाश आपलं पूर्ण नाव लिहून सही केली, आणि तेव्हा कुठे डोक्यावरची टोपी काढली.